जुनी गाडी एक्सचेंजला देताय? भाव नव्हे, चेकवरचा आकडा बघा

२०२५च्या नवरात्रात माझ्या मामेबहिणीचा फोन आला. "दादा, माझ्या गाडीचे तीन-दहा देतायत! दुसऱ्या शोरूमवाल्याने दोन-ऐंशीच लावले. पहिल्याकडेच बुक करते ना?"

तिची गाडी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक. एमएच ४७, म्हणजे बोरिवली आरटीओची. पहिलीच मालकीण, ४६ हजार किलोमीटर. मी म्हटलं, टोकन देऊ नकोस, दोघांची कोटेशनं पाठव. ती आल्यावर वहीत शेजारी-शेजारी उतरवली, तेव्हा कळलं की दोन-ऐंशी देणारा शोरूमवाला तिला बावीस हजारांनी स्वस्त पडत होता.

पहिल्यांदा गाडी एक्सचेंजला देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं लक्ष जुन्या गाडीच्या भावावर असतं. ते साहजिक आहे, कारण त्या गाडीत आपली माणसं बसलेली असतात. पण तो भाव एका मोठ्या हिशोबातली फक्त एक ओळ असते. खाली मी क्रमाने सांगतोय ते त्या वहीतल्या हिशोबावरून आणि माझ्या स्वतःच्या एका महागात पडलेल्या चुकीवरून.

पहिलं काम: दोन्ही कोटेशनं एका कागदावर

बहिणीची नवी गाडी साडेआठ लाख एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरायच्या आधीची किंमत. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे ९३,५००. इथपर्यंत दोन्ही शोरूम सारखीच. पुढे फरक पडला.

पहिलं शोरूम:
एक्स-शोरूम ८,५०,०००
रोड टॅक्स ९३,५००
इन्शुरन्स ४१,०००
रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट, फास्टॅग ५,५००
अॅक्सेसरीज पॅक १८,०००
एकूण १०,०८,०००
नव्या गाडीवर सूट १०,०००
जुन्या गाडीचे ३,१०,००० आणि एक्सचेंज बोनस २०,०००
खिशातून जाणार ६,६८,०००

दुसरं शोरूम:
एक्स-शोरूम ८,५०,०००
रोड टॅक्स ९३,५००
इन्शुरन्स ३२,०००
रजिस्ट्रेशन वगैरे ५,५००
एकूण ९,८१,०००
नव्या गाडीवर सूट ३५,०००
जुन्या गाडीचे २,८०,००० आणि एक्सचेंज बोनस २०,०००
खिशातून जाणार ६,४६,०००

पहिल्याने जुन्या गाडीचे तीस हजार वाढवून दिले आणि नव्या गाडीच्या सुटीत, इन्शुरन्समध्ये आणि अॅक्सेसरीजमध्ये मिळून बावन्न हजार काढून घेतले. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, प्रत्येक आकडा छापील कोटेशनवर होता. फक्त तो माणूस पहिलं वाक्य "मॅडम, तुमच्या गाडीचे तीन-दहा देतो" असं बोलला, आणि पुढचे आकडे ऐकायला बहिणीचं मन तयारच राहिलं नाही.

म्हणून कुठल्याही शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: जुनी गाडी तुमच्याकडे ठेवून, नवी गाडी नंबर प्लेटसह माझ्या बिल्डिंगखाली उभी राहीपर्यंत माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार? उत्तर लेखी घ्या. तुलना त्याच आकड्याची करा.

एक्सचेंजच्या पैशात तीन वेगवेगळे पैसे असतात

जुन्या गाडीची किंमत, एक्सचेंज बोनस आणि नव्या गाडीवरची सूट. हे तीन वेगळ्या खिशांतून येतात, हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही.

जुन्या गाडीची किंमत बऱ्याचदा शोरूम ठरवतच नाही. इव्हॅल्युएटर, म्हणजे गाडी तपासून भाव लावणारा माणूस, गाडीचे फोटो काढतो आणि ते सेकंडहँड गाड्यांच्या ब्रोकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. कोणी दोन-सत्तर म्हणतो, कोणी दोन-नव्वद. त्यातला बरा आकडा, थोडा स्वतःसाठी राखून, तुमच्यापर्यंत येतो. कंपनीचा स्वतःचा जुन्या गाड्यांचा विभाग असेल तर तो तिथून येतो. एक्सचेंज बोनस ही गाडी बनवणाऱ्या कंपनीची योजना असते, महिन्यागणिक बदलते, आणि तिला अटी असतात: जुनी गाडी तुमच्याच किंवा जवळच्या नातेवाइकाच्या नावावर हवी, आणि पुष्कळदा जुन्या गाडीचं आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय बोनस पक्का होत नाही. सूट डीलर स्वतःच्या कमिशनमधून आणि कंपनीच्या योजनेतून देतो.

बोनस आत्ता बिलातून वजा होणार की नंतर खात्यात येणार, हे बुकिंगच्या आधी विचारा. "नंतर" म्हणाले तर तारीख विचारा. आरसी ट्रान्स्फर रखडला म्हणून बोनस अडकलेले लोक मला माहीत आहेत.

आणखी एक. जुनी गाडी दिली म्हणून नव्या गाडीवरचा कर कमी होईल, असं काहींना वाटतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तसं आहे: जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो. तिथल्या नातेवाइकांचं ऐकून आपल्याकडेही तसंच असेल, असं समजू नका. आपल्याकडे जीएसटी नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो आणि रोड टॅक्सही. जुनी गाडी दिली काय, दुसऱ्याला विकली काय, करात एका पैशाचा फरक नाही. त्यामुळे एक्सचेंजची किंमत म्हणजे रोख पैशाला पर्याय, त्यापेक्षा जास्त काही नाही.

घरून निघण्याआधी स्वतःचा भाव काढा

शोरूमच्या दारात पहिल्यांदा आकडा ऐकायची वेळ येऊ देऊ नका. तीन ठिकाणी विचारा: कुठल्याही कंपनीचं जुन्या गाड्यांचं दालन, घरी येऊन तपासणी करणारी एखादी ऑनलाइन कंपनी, आणि तुमच्या गाडीचं नेहमीचं काम करणारा गॅरेजवाला. गॅरेजवाल्याला गाडीचा इतिहास माहीत असतो आणि त्याच्या ओळखीत घेणारा असतोच. ऑनलाइन जाहिरातींतले भाव बघा, पण ते मागितलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत. महिनाभर तीच जाहिरात दिसत असेल तर त्या भावाला गाडी जात नाहीये, एवढं त्यातून कळतं.

इन्शुरन्सच्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, असा आकडा असतो. तो बाजारभाव नव्हे. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार ठराविक घट धरून तो काढतात: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३०, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४०, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. पाच वर्षांनंतर तो कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. म्हणजे बाजारात प्रचंड मागणी असलेली गाडी आणि बंद पडलेलं मॉडेल, दोघांनाही तक्ता एकच. त्याच्याकडे फक्त अंदाज म्हणून बघा.

नव्या गाडीचा भाव हलला की जुनीचा हलतो, हे बहिणीने प्रत्यक्ष अनुभवलं. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस यावरून १८ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. नवी गाडी हजारोंनी स्वस्त झाल्यावर सात वर्षांच्या गाडीला ऑगस्टमधला भाव कोण देणार? तिला जुलैत एकाने तीन-वीस सांगितले होते, ते तिच्या डोक्यात घट्ट बसले होते. ते विसर, मी म्हटलं, नवीही तेव्हाच्या भावात घ्यावी लागली असती.

मुंबईत भावावर आणखी काही गोष्टींचा परिणाम होतो. घोडबंदर किंवा वेस्टर्न एक्सप्रेसवर रोज क्लच दाबून ज्याचा गुडघा दुखलाय तो ऑटोमॅटिकच शोधतो, म्हणून तिला मागणी चांगली. कंपनीने बसवलेल्या सीएनजीला मागणी चांगली. बाहेरून बसवलेला किट आरसीवर चढवलेला नसेल तर उलट भाव पडतो. पहिला मालक आणि दुसरा मालक यांत फरक पडतोच. १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-सहा या नव्या निकषाची गाडी, असेल तर ते आवर्जून सांगा.

इव्हॅल्युएटर काय बघतो

हा भाग नीट वाचा, कारण इथेच वीस-तीस हजार वर-खाली होतात आणि आपल्याला कळतसुद्धा नाही कशावरून.

बहिणीच्या गाडीजवळ तो मुलगा आला तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्याने आधी गाडीला हात लावलाच नाही. चार पावलं मागे गेला, बसून बाजूने नजर फिरवली. दरवाजा आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्या मधली फट वर-खाली सारखी आहे का, रंगाची छटा एका दरवाजावर वेगळी दिसते का. मग बॉनेट उघडलं आणि फेंडरच्या बोल्टवर बोट फिरवलं. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो. पाना लागला असेल तर कडांचा रंग उडालेला दिसतो, म्हणजे फेंडर कधीतरी काढला होता. दरवाजाचं रबर बीडिंग थोडं ओढून आतले वेल्डिंगचे गोल ठिपके बघितले. ते ठिपके सारख्या अंतरावर असले तर पिलर, म्हणजे छताला धरणारे खांब, शाबूत. मग रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र प्रत्येक पत्र्यावर टेकवलं.

डाव्या मागच्या दरवाजावर यंत्राने जास्त आकडा दाखवला. त्याने काही न बोलता मोबाइलवर टिपून घेतलं. बहीण लगेच म्हणाली, "रिक्षा घासली होती, फक्त रंग मारलाय." आणि सर्व्हिस सेंटरचं बिल दाखवलं. तो बिल बघून म्हणाला, "मग ठीक आहे मॅडम." बिल नसतं तर तो दरवाजा मोठा अपघात म्हणून धरला गेला असता. दर सर्व्हिसचं, दर डेंटिंग-पेंटिंगचं बिल एका फायलीत ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच.

त्यानंतर तो पाण्याकडे वळला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईच्या गाडीकडे प्रत्येक जण त्या नजरेने बघतो. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे दर पावसाळ्यात गाड्या पाण्यात अडकतात. म्हणून तो सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढतो: पाणी आत गेलं असेल तर बेल्टच्या आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेली माती, कार्पेट दाबल्यावर येणारा कुबट वास. गाडी पाण्यात बुडालेली निघाली तर भाव निम्म्याजवळ यायला वेळ लागत नाही, कारण नंतर वायरिंग केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

वर्सोवा, वरळी, कुलाबा अशा समुद्राजवळच्या सोसायटीत उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर तो खाली वाकून सायलेन्सर आणि दरवाजांच्या खालच्या कडा बघणार, हे धरून चाला.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ४६ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला तीन टायर जुने आणि एक अगदी नवा, तर तो विचारणारच. काचांवरही बनवल्याच्या वर्षाचे संकेत असतात, त्यावरून काच बदलली का ते कळतं. शेवटी इंजिन थंड असताना सुरू करून आवाज आणि धूर, ऑइलचं झाकण उघडून आत, स्कॅनर लावून एरर कोड, आणि एक छोटी फेरी. मुंबईच्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन सिग्नलला तासन्तास चाललेलं असतं. क्लच कुठे पकडतो, हे त्याला एका चढावर समजतं.

त्याच्या येण्याच्या दिवशी सकाळी गाडी सुरू करू नका, इंजिन थंडच ठेवा. गरम इंजिन दिसलं की त्याला शंका येते. दुसरी चावी शोधून ठेवा. ती नसेल तर हमखास पैसे कापतात, कारण नवी चावी बनवायला हजारो रुपये लागतात.

खर्च कशावर करायचा? आतून-बाहेरून चांगली धुलाई, बंद पडलेला बल्ब, वायपर, टायरमधली हवा. बस. बंपरवरचे ओरखडे रंगवू नका. ताजा रंग दिसला की संशय वाढतो, आणि तुम्हाला सहा हजार लागले तरी भाव सहा हजारांनी वाढत नाही. नवे टायरही घालू नका.

लोन बाकी असेल तर

बँकेकडून फोरक्लोजरचं, म्हणजे लोन मुदतीआधी फेडण्याचं, पत्र घ्या, त्यात आजच्या तारखेला किती भरायचे हे शुल्कासह लिहिलेलं असतं. भाव २,८०,००० ठरला आणि बँकेचे १,४०,००० बाकी असतील तर तुमच्या हातात येणारे १,४०,०००च. पैसे भरल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. एनओसीवरची तारीख बघा, तिला मुदत असते, ती उलटली तर पुन्हा बँकेच्या फेऱ्या. पाच वर्षांपूर्वी लोन फिटलं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, असं पुष्कळांचं असतं. ते एक्सचेंजच्या दिवशी कळू नये.

स्वतः विकली तर?

बहिणीच्या सोसायटीतल्या एका काकांनी गाडी सव्वातीन लाखांना मागितली. दुसऱ्या शोरूमकडून एक्सचेंजशिवाय नवी घेतली असती तर ९,४६,००० उणे ३,२५,०००, म्हणजे ६,२१,०००. एक्सचेंजपेक्षा पंचवीस हजार कमी. बोनस गमावूनही.

हा फरक कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे व्यापाऱ्यावर रागही येणार नाही. तो दोन-ऐंशीला घेऊन तीन-तीसला विकतो. मधल्या पन्नास हजारांत पार्किंगची जागा, पॉलिश, ट्रान्स्फरचा खर्च, न विकली गेली तर अडकलेले पैसे, आणि जीएसटी. जानेवारी २०२५पासून जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याला सगळ्या गाड्यांवर १८ टक्के लागतो, पण फक्त त्याच्या नफ्यावर: पन्नास हजारांवर नऊ हजार. नोकरदार माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर हा जीएसटी लागत नाही. स्वतः वापरलेल्या घरच्या गाडीवर भांडवली नफ्याचा करही नाही.

मग सगळ्यांनी स्वतःच विकावी का? माझं मत: घेणारा ओळखीचा असेल आणि पैसे बँकेतून येत असतील तर जरूर विका. अनोळखी माणसं रविवारी येऊन चाचणी फेरी मागणार, फोनवर घासाघीस करणार, आणि दोन गाड्या ठेवायला सोसायटीत जागा नसणार, तर पंधरा-वीस हजारांसाठी तो मनस्ताप करून घेऊ नका. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्याने बंद आहे, हेही लक्षात असू द्या. "अर्धे रोख देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

गाडी चौदा-पंधरा वर्षांची झाली असेल तर गणित बदलतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये, त्यावर पर्यावरण कर आणि फिटनेसचा खर्च. घेणारा हे सगळं वजा करूनच बोलतो. अशा वेळी मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्राचाही भाव विचारा. तिथून मिळणाऱ्या जमा प्रमाणपत्रावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. ती किती, हे आरटीओत विचारून एक्सचेंजच्या आकड्याशी ताडून बघा.

केव्हा जावं

पितृपक्षात शोरूम रिकामी असतात. मुहूर्त बघणाऱ्यांनी डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्यावी, पण बोलणी पितृपक्षातच करावीत, माणूस निवांत बसून बोलतो. पाडवा आणि दसऱ्याच्या आठवड्यात घासाघीशीला कोणाला वेळ नसतो. डिसेंबरात सूट मोठी मिळते, कारण जानेवारी लागला की स्टॉकमधली गाडी मागच्या वर्षाची ठरते. पण हाच नियम तुमच्या जुन्या गाडीलाही आहे: ३१ डिसेंबरला सात वर्षांची असलेली गाडी दुसऱ्या दिवशी बाजाराच्या तोंडी आठ वर्षांची होते.

इन्शुरन्समधले नऊ हजार

वरच्या हिशोबात पहिल्याचा इन्शुरन्स ४१ हजार आणि दुसऱ्याचा ३२ हजार होता, ते आठवा. पॉलिसी जवळपास तीच होती. फरक होता नो क्लेम बोनसचा (एनसीबी). पाच वर्षं क्लेम केला नाही की ओन-डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि ही सूट गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी दिली तरी ती नव्या गाडीला लावता येते. जुन्या विमा कंपनीला गाडी विकल्याचा पुरावा देऊन एनसीबीचं पत्र मागा, ते तीन वर्षं चालतं. पहिल्या शोरूमने हा विषय काढलाच नव्हता. शोरूमचाच इन्शुरन्स घ्यायची सक्ती नाही, हेही कोणी आपणहून सांगत नाही.

कागद, आणि माझी चूक

२०२४मध्ये मी माझी जुनी गाडी दिली. मालाडच्या एका ब्रोकरने पैसे लगेच दिले, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घेतल्या, खरेदीदाराची जागा कोरी. "महिन्याभरात ट्रान्स्फर होईल साहेब." मी काचेवरचा फास्टॅगसुद्धा काढला नाही.

पाच महिन्यांनी मी बोरिवलीला रिक्षात बसलो होतो आणि मोबाइलवर मेसेज आला: अटल सेतू, २५० रुपये कापले. माझी गाडी, माझा फास्टॅग, आणि ती चालवणारा कोण हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन ई-चलन तपासली तर दोन चलनं माझ्या नावावर, एक सिग्नल तोडल्याचं, एक वेगाचं. पैशांपेक्षा मला झोप लागली नाही ती वेगळ्या विचाराने. त्या गाडीने कोणाला उडवलं असतं तर?

हा घाबरटपणा नव्हता. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडे येते. मला ती गाडी शोधून ट्रान्स्फर करून घ्यायला सात आठवडे लागले.

त्या वेळी उपाय अस्तित्वात होता, मला माहीत नव्हता. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, आणि अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरता येतो. तो भरला की पुढचा खरेदीदार मिळेपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. म्हणून शोरूममध्ये पहिल्याच भेटीत विचारा: तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का, आणि २९सी भरून द्याल का? नाही म्हणाले तर दुसऱ्या दारात जा, भाव पाच हजारांनी कमी असला तरी.

बहिणीने काकांना गाडी दिली नाही. काकांना गाडी गावच्या पुतण्यासाठी हवी होती, पैसे दोन हप्त्यांत देणार होते, आणि ट्रान्स्फर "दिवाळीनंतर बघू" असं चाललं होतं. तिने पंचवीस हजार सोडले आणि दुसऱ्या शोरूमला दिली. मला ते पटलं.

देण्याआधी तिने एक आठवडा घेऊन हे सगळं केलं: ई-चलन भरली. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची, म्हणून उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घेतली, तिच्याशिवाय आरटीओत ट्रान्स्फरचं काम अडतं. पीयूसी चालू ठेवलं. आधार आणि पॅनच्या प्रतींवर आडवी रेघ मारून "फक्त या गाडीच्या हस्तांतरणासाठी" असं लिहिलं, खाली गाडीचा नंबर आणि तारीख. फॉर्म २९ आणि ३०वर खरेदीदार म्हणून डीलरचं नाव तिच्यासमोर लिहून घेतलं, कोऱ्या जागेवर सही केली नाही, आणि सगळ्याचे फोटो काढले.

गाडी सोपवायच्या दिवशी तिने डीलरच्या लेटरहेडवर डिलिव्हरीची पावती घेतली. त्यावर तारीख, वेळ, गाडीचा नंबर, मीटरवरचे किलोमीटर, आणि "या क्षणापासून चलन, अपघात व इतर जबाबदारी आमची" असं वाक्य. २९सीची पोच मोबाइलवर आली तशी तिने ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकून फास्टॅग नखाने खरवडून काढला, बँकेच्या अॅपवर तो बंद केला, ब्लूटूथमधून घरच्यांचे नंबर पुसले, डॅशबोर्डच्या कप्प्यातली पार्किंगची पावती आणि आजीने चिकटवलेला छोटा गणपती काढून पर्समध्ये ठेवला. मग चावी दिली. दोन्ही.

नंतर दर शनिवारी ती परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बघत होती. सहाव्या शनिवारी नाव बदललेलं दिसलं, तेव्हा तिने स्क्रीनशॉट काढला आणि त्याच दिवशी शोरूमला पाठवून बोनसचे वीस हजार मागून घेतले.